पोलीस शिपायाचा पहिला धडा

पोलीस शिपाई कवायतीच्या मैदानावर घडतो, असा आपल्याकडे जुना समज आहे. आणि तो अगदीच खोटा नाही. पहाटेची धाव, खांद्यावरची बंदूक आणि हुकमासरशी वळणारी पावले यांवाचून शिस्त अंगी बाणत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु या शिपायास पुढे ज्या कामावर पाठवावयाचे, ते काम मैदानावरचे नसते. अपरात्री एखाद्या घराचे दार ठोठावणे, घरातील कर्त्या माणसास ‘चला’ म्हणणे आणि त्याच्यामागे भयभीत होऊन उभ्या राहिलेल्या बायकामुलांस काही उत्तर देणे, असे ते काम असते. अशा घटकेस काय करता येईल, हे त्याच्या हातातील काठी त्यास सांगते. काय करता येणार नाही, हे सांगणारा अंतिम ग्रंथ या देशात एकच आहे, तो म्हणजे भारताचे संविधान. हा ग्रंथ नवशिक्या शिपायास केव्हा, किती आणि कशा रीतीने शिकविला जातो, हा प्रश्न पोलीस खात्याचा घरगुती प्रश्न आहे, असे मानून नागरिकांनी स्वस्थ बसावे, हे आम्हांस मान्य नाही. दार आमच्या वाचकांचे ठोठावले जाते. तेव्हा या धड्याची चौकशी करण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच आहे.

ही चौकशी आजच करण्यास एक विशेष निमित्त आहे. १ जुलै २०२४ या दिवसापासून १८६० चे भारतीय दंडविधान, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता हे तिन्ही कायदे मागे पडले. त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. साहजिकच देशभरच्या प्रशिक्षण केंद्रांतून कलमांचे आकडे नव्याने घोकून घेणे सुरू झाले. खुनाचे ३०२ होते ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० होते ते ३१८ मध्ये गेले. जमावबंदीचे १४४ होते ते १६३ झाले. हे पाठांतर आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि या आकड्यांच्या गर्दीत एक गोष्ट विसरली जाण्याचे भय आम्हांस वाटते. संहिता बदलल्या, पण ज्यांच्या आधाराने त्या उभ्या आहेत ते संविधानाचे अनुच्छेद १४, १९, २०, २१ आणि २२ होते तेथेच आहेत. कलम चुकीचे लागले तर ते न्यायालयात दुरुस्त करता येते. अनुच्छेद मोडला, तर कोठडीत काढलेली रात्र कोणासही परत देता येत नाही.

वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडणारा शिपाई घ्या, नाशिकच्या अकादमीत तयार झालेला फौजदार घ्या, अथवा कर्नाटकाच्या एखाद्या केंद्रातून आलेला तरुण घ्या. ‘तुझा अधिकार कोठून आला?’ हा प्रश्न त्यास प्रथम विचारला पाहिजे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. म्हणून बेळगावचे पोलीस १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्याखाली चालतात आणि कोल्हापूरचे पोलीस १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली. फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया हे विषय मात्र समवर्ती सूचीत आहेत. म्हणून शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे नागरिक सुरक्षा संहिता एकच लागू होते. आणि या दोन्हींच्या वर अनुच्छेद २१ आहे: कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. शिपायाचा गणवेश राज्य देते, त्याचा अधिकार संहिता देते आणि त्या अधिकाराची हद्द संविधान आखते. हा क्रम ज्याच्या मनात पक्का बसला, त्यास वरिष्ठाचा तोंडी हुकूम आणि कायदा यांतील भेद कळू लागतो.

अटकेविषयीचा अनुच्छेद २२ कसा जन्मास आला, हे प्रत्येक शिकाऊ शिपायास सांगण्यासारखे आहे. घटना समितीत आजच्या अनुच्छेद २१ चा मसुदा ‘कायद्याने स्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढ्याच शब्दांवर थांबला, तेव्हा पुष्कळ सभासद अस्वस्थ झाले. कायदेमंडळ जी रीत ठरवील ती जर अन्याय्य असली, तर नागरिकाने जावे कोठे, असा त्यांचा प्रश्न होता. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी एक नवा अनुच्छेद समितीपुढे मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२. त्याचा आशय तीन वाक्यांत सांगता येतो. ज्यास अटक केली, त्यास अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगावे. त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्यापासून त्यास अडवू नये. आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्यास जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. शत्रुराष्ट्राचे नागरिक आणि प्रतिबंधक कायद्याखालील स्थानबद्ध यांना हा नियम याच स्वरूपात लागू नाही. बाकी प्रत्येकास आहे. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्यालाही आहे आणि ज्याने बाजारात दोन रुपयांचा जिन्नस उचलला त्यालाही आहे.

यांपैकी चोवीस तासांचा नियम सर्वांस ठाऊक असतो. त्यामागचा हेतू मात्र फार थोड्यांस ठाऊक असतो. माणूस दंडाधिकाऱ्यापुढे उभा करावयाचा, तो कागदावर शिक्का मिळावा म्हणून नव्हे. पोलिसांवाचून अन्य कोणीतरी त्याचा चेहरा पाहावा, त्याच्या अंगावरील वळ पाहावेत, त्याचे म्हणणे ऐकावे, यासाठी ती योजना आहे. १९८५ साली जम्मू-काश्मीर विधानसभेचे सभासद भीमसिंग यांना अधिवेशनास जात असता पकडण्यात आले आणि त्यांना समक्ष हजर न करताच त्यांच्या कोठडीचे हुकूम मिळविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे आणि हुकूम देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांचेही कान उपटले आणि राज्याने त्यांना पन्नास हजार रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय दिला. आमदाराची ही गत, तर गवंडीकाम करणाऱ्या मजुराची काय होत असेल? म्हणूनच १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी असावी. अटकेची नोंद तेथल्या तेथे करून तिच्यावर साक्षीदाराची सही घ्यावी. नातलगास वा मित्रास कळवावे. दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. यांतील बहुतेक गोष्टी पुढे संहितेत आल्या. आता त्या न पाळण्यास ‘माहीत नव्हते’ ही सबब उरलेली नाही.

परंतु आमच्या या भागातील वाचकांस ज्या गोष्टीचे सर्वांत अधिक अगत्य वाटावे, ती गोष्ट याहूनही पहिली आहे. अटकेचे कारण सांगावे, हे खरे. पण कोणत्या भाषेत? ज्या गावात अटक करणारा एक भाषा बोलतो आणि अटक होणारा दुसरी, तेथे हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. न समजणाऱ्या भाषेत सांगितलेले कारण हे न सांगितलेलेच कारण होय. ज्याला आरोप कळला नाही, तो वकिलास काय सांगणार? जामिनासाठी कोणता मुद्दा मांडणार? आपण त्या वेळी दुसऱ्या गावी होतो, हे त्यास सुचणार तरी कसे? अनुच्छेद २२ चे सारे बळ या एका ठिकाणी गळून पडते.

या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने फार पूर्वी दिलेले आहे आणि ते महाराष्ट्राच्याच एका खटल्यात दिलेले आहे. १९६१ साली नागपुरात एका इसमास प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केले गेले. स्थानबद्धतेची कारणे त्यास इंग्रजीत लिहून देण्यात आली. ‘मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या,’ असे त्याने मागितले. इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे, या कारणास्तव ते नाकारण्यात आले. अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले, तेवढे पुरे, असाही युक्तिवाद झाला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि त्या माणसाची सुटका केली. सरकारची भाषा कोणती, हा प्रश्न तेथे गौण ठरला. कोठडीतील माणसाची भाषा कोणती, हा प्रश्न मुख्य ठरला.

तो निर्णय स्थानबद्धतेपुरता होता. साध्या अटकेसंबंधी पुष्कळ वर्षे संदिग्धता राहिली. ‘तोंडी सांगितले’ असा एक शेरा ठाण्याच्या दप्तरात लिहिला की काम भागत असे. २०२३ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्याखालील अटकेत कारणे लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुढे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईतील वरळीच्या एका अपघाताच्या खटल्यातून आलेल्या अपिलावर निर्णय देताना न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांस लागू केला. अटकेची कारणे लेखी द्यावयाची आणि ती अटक झालेल्या माणसास समजणाऱ्या भाषेत द्यावयाची. प्रसंगच असा असेल की त्या क्षणी लिहून देणे शक्य नाही, तर तोंडी सांगावे. परंतु दंडाधिकाऱ्यापुढे कोठडीसाठी उभे करण्यापूर्वी निदान दोन तास आधी ती लेखी त्याच्या हाती पडलीच पाहिजेत. हे न केल्यास अटक आणि त्यामागून मिळविलेली कोठडी ही दोन्ही बेकायदा ठरतील आणि त्या माणसास सोडावे लागेल. अर्थात, लेखी कारणे देऊन पोलिसांस पुन्हा दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. म्हणजे या नियमाने गुन्हेगारास अभय दिलेले नाही. पोलिसांस मात्र आपले काम नीट करण्यास भाग पाडले आहे.

या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे. खानापुरात वा निपाणीत पकडलेल्या मराठी माणसास मराठीत कारणे मिळावीत, ही आता कोणाच्या कृपेची बाब राहिलेली नाही. आणि न्यायाचा काटा सर्वांस सारखा हवा, म्हणून हेही त्याच ठामपणे सांगितले पाहिजे की जत वा अक्कलकोटच्या ठाण्यात आणलेल्या कन्नड शेतकऱ्यास कन्नडमध्ये, गोव्यातील कोंकणी कोळ्यास कोंकणीत आणि पुण्यात मजुरीस आलेल्या ओडिया तरुणास ओडियात ती मिळाली पाहिजेत. जो हक्क आपण आपल्यासाठी मागतो, तो शेजाऱ्यासाठी मागताना ज्याची जीभ अडखळते, त्यास तो हक्क पुरता समजलेलाच नाही. या हक्कास प्रांताचा रंग नाही.

भाषेची ही गोष्ट अटकेच्या कागदापाशी संपतही नाही. न्यायालयात साक्षीदार ज्या भाषेत बोलतो ती आरोपीस कळत नसेल, तर ती साक्ष त्यास कळणाऱ्या भाषेत भर न्यायालयात समजावून सांगावी, असे संहिताच सांगते. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० ने प्रत्येकास दिला आहे. शिकाऊ शिपायाच्या पाठ्यक्रमात हे अनुच्छेद असतील वा नसतील; ठाण्याच्या मेजावर बसल्यावर मात्र पहिल्याच दिवशी त्याची गाठ यांच्याशीच पडते.

आता न्यायालयांच्या उतरंडीकडे वळू. पोलीस शिपायास न्यायालय दिसते ते बहुधा समन्स घेऊन जाण्याचे वा आरोपी पोहोचविण्याचे ठिकाण म्हणून. तेथे कोण काय करू शकतो, हे त्यास स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पायथ्याशी न्यायदंडाधिकारी असतात. द्वितीय वर्गाच्या दंडाधिकाऱ्यास एक वर्षापर्यंत, प्रथम वर्गाच्या दंडाधिकाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास देता येतो. त्यांच्यावर सत्र न्यायाधीश. त्यास फाशीचीही शिक्षा देता येते. परंतु उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. त्याहून वर उच्च न्यायालय आणि शिखरावर सर्वोच्च न्यायालय. पूर्वी महानगरांसाठी निराळे महानगर दंडाधिकारी असत. नव्या संहितेने तो भेद काढून टाकला.

ही उतरंड आपल्या सीमाभागात कशी फाटे घेते, ते पाहण्यासारखे आहे. बेळगावच्या सत्र न्यायालयावरील अपील धारवाडला जाते. तेथे २००८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. काही कोसांवरील चंदगडचे अपील पूर्वी थेट मुंबईस जात असे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाल्याने सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची पायपीट वाचली. गोव्याचे अपील त्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाकडे पर्वरीस जाते. ज्या उच्च न्यायालयाची हद्द, त्याचा निर्णय त्या हद्दीतील ठाण्यांवर बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा मात्र अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्व देशावर बंधनकारक. म्हणूनच वरळीच्या खटल्यातील निर्णय चंदगडास लागू आहे, तसाच बेळगावासही लागू आहे. नागरिकांचे तंटेच तेवढे वर जातात असेही नव्हे. दोन राज्यांचा तंटा अनुच्छेद १३१ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयातच मांडावा लागतो. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली तेथेच दाखल केला, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नकोच. सरकारे ज्या न्यायासनापुढे हात जोडून उभी राहतात, त्याच्या शब्दास सरकारच्या नोकराने वळसा घालावा, हे कसे शोभेल?

येथे एक भेद विशेष समजावून द्यावा लागेल. ‘दंडाधिकारी’ या एकाच शब्दाखाली दोन निराळे अधिकारी वावरतात. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली असतो. तहसीलदार वा प्रांत हा कार्यकारी दंडाधिकारी सरकारचा अंमलदार असतो. अनुच्छेद ५० ने न्याय आणि शासन विभक्त करण्याची जी आज्ञा दिली, ती १९७३ च्या संहितेने या रीतीने देशभर पाळली. कलम १६३ चा जमावबंदीचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी काढतो. आयुक्तालय असलेल्या शहरांत तो अधिकार पोलीस आयुक्ताकडेही असतो. तो हुकूम म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. १० जानेवारी २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की असा हुकूम कायदेशीर मतप्रदर्शन दडपण्यासाठी वापरता येणार नाही. त्यास सबळ कारणे हवीत आणि तो प्रसिद्ध झाला पाहिजे. मोर्च्यापुढे उभ्या असलेल्या शिपायास हे ठाऊक असेल, तर काठी उगारण्यापूर्वी तो हुकूम वाचील.

तपासाच्या कामातही संविधानाची हीच सोबत आहे. अनुच्छेद २० म्हणतो, कोणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा होत नाही, हा १८७२ चा नियम २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही जसाच्या तसा आहे. इंग्रजांनीही आपल्या पोलिसांवर एवढा अविश्वास दाखविला होता, हे स्मरणात ठेवावे. १९६१ साली अकरा न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना घेणे ही अशी सक्ती नव्हे. आणि २०१० मध्ये कर्नाटकातून गेलेल्या सेल्वी प्रकरणात ठरले की संमतीवाचून औषध टोचून माणसास बोलते करणे घटनाबाह्य आहे. या सर्वांचा व्यावहारिक अर्थ एवढाच की जो शिपाई मारून कबुली मिळवितो, तो न्यायालयात रिकाम्या हाताने जातो. नव्या संहितेने तर झडती व जप्तीचे चित्रण आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट यांची तरतूद केली आहे. खरा तपास यापुढे डोळ्यांनी आणि चिकाटीने व्हावयाचा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. इतकी बंधने घातली, तर पोलिसांनी काम करावे कसे आणि गुन्हेगारांस वचक तो कसला, असे पुष्कळ सज्जन मनापासून विचारतात. ज्याच्या घरी दरोडा पडला, त्याने हे विचारावे, यात नवल नाही. त्यांस आम्ही एवढेच सांगू की बंधने पाळल्याने आरोपी सुटतो असा अनुभव नाही. बंधने मोडल्याने तो सुटतो. कारणे लेखी दिली नाहीत म्हणून अटक रद्द होते. साठ वा नव्वद दिवसांच्या मुदतीत आरोपपत्र दाखल झाले नाही म्हणून जामीन मिळतो. पंच बनावट निघाले म्हणून पंचनामा कोसळतो. आणि ज्यास पकडावयास नको होते त्यास पकडले, तर खरा चोर त्या दिवशी मोकळा हिंडत असतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, प्रथम नोटीस देऊन बोलवावे, असे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे बजावले, ते याच अनुभवातून. नव्या संहितेने त्यात आणखी भर घातली आहे: गुन्हा तीन वर्षांहून कमी शिक्षेचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा वा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्यास अटक करता येत नाही.

पोलिसांवर सारा दोष टाकून मोकळे होण्याची मात्र आमची इच्छा नाही. बंदोबस्ताच्या दिवशी उन्हात तासन्‌तास उभा राहणारा, सणासुदीस घरापासून दूर असणारा शिपाई आमच्याच घरांतून गेलेला असतो. त्याच्या बदलीची दोरी कोणाच्या हाती असते, हे गावोगाव ठाऊक आहे. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमुख अधिकाऱ्यांस निदान दोन वर्षांची निश्चित मुदत द्यावी, तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करावे आणि नागरिकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे स्थापावीत. तो आदेश पुरतेपणी आणि मनापासून अंमलात आणण्याचा उत्साह राज्याराज्यांतील सरकारांनी दाखविला आहे, असे म्हणवत नाही. आणि या बाबतीत कोणत्याही पक्षाच्या सरकारास दुसऱ्याकडे बोट दाखविता येणार नाही. वरिष्ठाच्या बेकायदा हुकमास ‘नाही’ म्हणणाऱ्या शिपायाच्या पाठीशी जर कोणीच उभे नसेल, तर त्यास संविधान शिकविणे म्हणजे पोहता न येणाऱ्याच्या हाती नदीचा नकाशा देणे होय.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यातच अनुच्छेद २० ते २२ शिकवावेत. कवायतीनंतर उरलेल्या वेळेत नव्हे. प्रत्येक शिकाऊ शिपायास दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात काही दिवस बसवून कोठडीचा अर्ज कसा तपासला जातो, हे समक्ष दाखवावे. सीमेवरील ठाण्यांत अटकेच्या कारणांचे छापील नमुने मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू आणि हिंदी या भाषांत तयार ठेवावेत, प्रत्येक प्रकरणाचा तपशील त्यात हाताने भरावा, आणि भाषांतर करू शकणाऱ्या माणसांची यादी ठाणे अंमलदाराच्या मेजावर असावी. सीमेवरील ठाण्यात नेमणूक होणाऱ्या शिपायास दोन्ही भाषा कामापुरत्या यावयास हव्यात. यात खर्च अल्प आहे; हवी आहे ती इच्छा.

आणि शेवटी चार शब्द वाचकांशी. पोलिसास जे शिकवावे म्हणून आम्ही आग्रह धरतो, ते आपणास तरी ठाऊक आहे काय? घरातील माणसास नेले, तर कारणे लेखी मागावीत, आपल्या भाषेत मागावीत. न समजलेल्या कागदावर सही वा अंगठा करू नये. कोठे नेले, हे विचारावे. आपणास कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. वकील देण्याची ऐपत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली कोठडीतील माणसास उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्याची समिती असते. स्त्रीस सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादाखेरीज अटक करता येत नाही. पंधरा वर्षांखालील मुलास, साठीच्या पुढील वृद्धास आणि स्त्रियांस जबाबासाठी ठाण्यावर बोलावता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी यावयाचे असते. हे हक्क मागताना आवाज चढविण्याची गरज नाही आणि हात उचलण्याची तर नाहीच नाही. शांतपणे, नेमक्या शब्दांत मागावे. नाकारले तर नाकारणाऱ्याचे नाव, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे आणि दंडाधिकाऱ्यापुढे सांगावे. शाळांतून, वाचनालयांतून आणि मंडळांच्या बैठकींतून ही माहिती गावोगाव पोहोचली पाहिजे. शिपायाच्या आणि नागरिकाच्या हाती एकच पुस्तक असेल, तर अपरात्री ठोठावलेल्या दाराच्या दोन्ही बाजूंची माणसे परस्परांस निदान समजतील तरी. ते काम सरकारवर सोडून चालणार नाही. ते प्रत्येक गावाने आपल्यापासून सुरू करावे.